बांधाचा पहारा, विणेचा पहारा



आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. स्मरणिकेत विणेकऱ्यांची नावे येतील, अन्नदात्यांची येतील, कोणत्या साली कुठे मुक्काम पडला तेही कोणी लिहील. ते लिहायलाच हवे. मला मात्र संपादक मंडळींनी वेगळे काम दिले. ते म्हणाले, “गुरुजी, शंभर वर्षे ही माणसे एकत्र राहिली कशी, ते लिहा.”

प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. दिंडीला कोणी पगार देत नाही. आला नाहीस तर दंड, असे कोणी म्हणत नाही. उलट पदरची भिशी भरायची, अंगावर पाऊस घ्यायचा, पायाला फोड आणायचे आणि परत येताना “पुढच्या वर्षी येतो, माउली” म्हणायचे. या शंभर वर्षांत इंग्रज गेले, खोत गेले, कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, १८५२ सालच्या पनवेल नगरपालिकेची २०१६ साली महानगरपालिका झाली, भाताची शेते गेली. दिंडी राहिली. कशाने राहिली?

“विठ्ठलाच्या कृपेने,” असे आपण म्हणतो. खरे आहे. पण कृपासुद्धा माणसांच्या हातून वाहते. ती कोणत्या पाटाने वाहिली, ते बघू.

खाऱ्या पाण्याचा बांध

आधी गाव बघू, कारण दिंडी गावातूनच निघाली.

पनवेल, उरण, पेण, अलिबाग हा सगळा खाडीकाठ. इथली पुष्कळशी भातशेती खाऱ्या जमिनीतली. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घालायचा, पावसाने जमीन धुऊन निघू द्यायची आणि मग भात लावायचा. त्या बांधाची एक गंमत आहे. माझ्या शेतासमोरचा बांध मी कितीही पक्का केला आणि चार शेते पलीकडे तुझ्या समोर खांड पडली, तर पाणी माझ्याही शेतात येते. एकदा खारे पाणी शिरले की नुसते त्या सालचे पीक जात नाही, जमीन पुढची काही वर्षे रुसून बसते. म्हणून उधाणाच्या रात्री पहारा असे. कुठे खांड पडली अशी आरोळी आली, की ज्याच्याशी बोलणे बंद आहे तोसुद्धा घमेले घेऊन धावे. भांडण सकाळी, आधी बांध.

लावणीचेही तसेच. पाऊस कोणासाठी थांबत नाही. आज तुझी लावणी, उद्या माझी, अशी सावड चाले. मिठागरातले काम, मचव्यावरचे काम, सगळे चार हातांचे. रेल्वे यायच्या आधी घाटावरचा माल बोरघाट उतरून गाड्यांनी पनवेल बंदरात यायचा आणि इथून गलबताने मुंबईला जायचा. गाड्यांचा तांडा एकट्यादुकट्याने घाट चढत नसे. एकाचे चाक मोडले की सगळे थांबत.

याच एकीने पुढे खोतीशी टक्कर घेतली. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचे बंद केले. तो संप सुमारे सहा वर्षे चालला. सहा पावसाळे शेत समोर असून नांगर धरायचा नाही, मोलमजुरी करून पोट भरायचे आणि कोणी फुटायचे नाही. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, त्याच्या मागे अशा गावांचे बळ होते. बांधावर जी सवय लागली, तीच इथे कामी आली, असे मला वाटते.

आणि वारी? आषाढीला आपल्याकडे लावणीची घाई. घाटावरचा शेतकरी पेरणी करून निघू शकतो, पण आपला शेतकरी त्या दिवसांत चिखलातून पाय काढू शकत नसे. म्हणून कोकणची माणसे कार्तिकीला आणि विशेषतः माघीला पंढरीची वाट धरीत. ज्यांना तेवढेही जमत नसे, त्यांच्यासाठी खोपोलीजवळ साजगावचा विठोबा होता. तिथे कार्तिकात यात्रा भरते. सुक्या मासळीचा मोठा बाजार भरायचा, म्हणून लोक त्याला प्रेमाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. तुकोबाराय मिरच्यांच्या व्यापाराला इथवर येत, अशी आख्यायिकाही आहे. देव माणसाच्या कामाचे पंचांग ओळखून जवळ येतो, तो असा.

फ्रान्स देशातला एक विचारवंत

आपण विचारतो तोच प्रश्न फार दूर एका माणसाने आयुष्यभर विचारला. त्याचे नाव एमिल द्यूरकेम. आपल्याकडच्या पुस्तकांत डरखाइम असेही लिहितात. जन्म १८५८, मृत्यू १९१७. घराणे ज्यू धर्मगुरूंचे. त्याच्या काळात युरोपात गावे ओस पडत होती, कारखाने वाढत होते, शहरात शेजारी शेजाऱ्याला ओळखेना झाला होता. लोक म्हणू लागले, आता समाज मोडणार. जर्मनीत फर्डिनांड टोनीज नावाच्या, शेतकरी घरातून आलेल्या विद्वानाने १८८७ सालीच लिहून ठेवले होते, की रक्ताच्या आणि गावाच्या नात्याने बांधलेला समाज निराळा आणि देण्याघेण्याच्या करारावर उभा समाज निराळा. पहिला जातो आहे, दुसरा येतो आहे.

द्यूरकेमने १८९३ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. माणसे दोन तऱ्हेने एकत्र राहतात. एक, सारखी असतात म्हणून. सगळे एकच काम करतात, एकच देव मानतात, एकच चालरीत पाळतात. याला त्याने यांत्रिक ऐक्य म्हटले. दुसरी तऱ्हा, वेगळी असतात म्हणून. शिंप्याला सुतार लागतो, सुताराला शेतकरी लागतो, जसे शरीरात पायाला डोळा लागतो. याला सावयव ऐक्य म्हणतात. जुना समाज पहिल्या ऐक्यावर चालतो, नवा दुसऱ्यावर, असे त्याने मांडले.

आता आपली दिंडी बघा. गळ्यात सगळ्यांच्या तुळशीची माळ एकच, कपाळी बुक्का एकच, मुखी नाम एकच. हे झाले सारखेपणाचे ऐक्य. पण दिंडी चालते ती वेगळेपणावर. पुढे पताकावाले, मग टाळकरी, पखवाजवाला, विणेकरी, मागे तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या माउली. चाल सांगणारा वेगळा, स्वयंपाकाला पहाटे तीनला उठणारे वेगळे, पुढे जाऊन मुक्कामाला तंबू ठोकणारे वेगळे, गाडीवाला वेगळा, पायाच्या फोडांना मलम लावणारा वेगळा. पखवाजवाला नसला तर पन्नास टाळकऱ्यांचे काही चालत नाही. चूल पेटली नाही तर विणेकऱ्याचाही सूर बसतो. त्या पंडिताने दोन समाज वेगवेगळे काढून दाखवले, आपल्या दिंडीत ते दोन्ही एकाच ओळीत चालतात.

शिस्त कोणी लावली

हे आपोआप झाले नाही. पंढरीची वारी ज्ञानोबारायांच्या आधीपासूनची. पण पालखीची रीत पुढे बसली. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली. तुकोबांच्या पादुका आणि ज्ञानोबांच्या पादुका एकत्र नेण्याची प्रथा त्यांची. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर आपल्या तोंडी बसला तो या जोडीमुळे.

एकोणिसाव्या शतकात साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा आले. ते शिंदे सरकारच्या पदरी होते. ती नोकरी सोडून ते आळंदीला माउलींच्या चरणी राहिले आणि माउलींच्या सोहळ्याला त्यांनी फौजेची शिस्त लावली. दिंड्यांचे क्रम ठरले, चोपदार आले, तळ ठरले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. फौजेतून आलेल्या माणसाने लाखोंचा जमाव एका काठीच्या इशाऱ्यावर उभा राहील, असे करून ठेवले.

माउलींच्या तळावरची समाज आरती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच धरून पुकारा करतात आणि एका क्षणात सगळे शांत होते. पण एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. का? तर त्यांची काही तक्रार आहे. जागा मिळाली नाही, पाणी आले नाही, कोणी क्रम मोडला. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, तोड काढतात. मग ते टाळ थांबतात. हरवले-सापडले सांगितले जाते आणि मग आरती होते.

तक्रार दाबून आरती होत नाही, हे ध्यानात घ्या. द्यूरकेमने कायद्याचेही दोन प्रकार सांगितले. एक कायदा शिक्षा करतो, दुसरा बिघडलेले जागेवर आणतो. समाज आरतीतला न्याय दुसऱ्या प्रकारचा. कोणाला वाळीत टाकायचे नाही, उद्या सकाळी सगळ्यांना एकत्रच चालायचे आहे.

भरते

१९१२ साली द्यूरकेमने आणखी एक मोठा ग्रंथ लिहिला, धर्म या विषयावर. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे सोहळे त्याने अभ्यासले, तेही स्वतः तिथे न जाता, दुसऱ्यांनी लिहिलेल्या हकिकती वाचून. ही माणसे एरवी पांगलेली असतात, अन्नाच्या शोधात फिरतात. मग ठरल्या वेळी एकत्र येतात, नाचतात, गातात आणि सगळ्यांना एकदम भरते येते. त्या भरत्यात माणूस स्वतःहून मोठा होतो, परत घरी जाताना ते बळ बरोबर नेतो. ते ओसरू लागले की पुन्हा एकत्र यावे लागते. म्हणून सण, म्हणून यात्रा.

ज्याने रिंगण पाहिले, त्याला हे सांगावे लागत नाही. अश्व धावतो, त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला हजारो हात पुढे येतात, मग हुतुतू, फुगड्या. साठीच्या आजी आणि कॉलेजची पोर एकमेकींचे हात धरून फिरतात.

इथे एक सांगितले पाहिजे. त्या पंडिताचे मत असे, की अशा वेळी माणसे ज्याची पूजा करतात तो देव म्हणजे खरे तर त्यांचा समाजच. आपण वारकरी हे जसेच्या तसे मान्य करणार नाही. आपला पांडुरंग विटेवर उभा आहे, आपण त्याला बघायला जातो. पण त्याच्या म्हणण्यातला अर्धा भाग आपल्या रोजच्या आचरणात आहे. कीर्तन संपले की आपण एकमेकांच्या पाया पडतो. बाप मुलाच्या पाया पडतो, जमीनदार मजुराच्या. वाटेत अनोळखी माणसाला हाक मारतो ती ‘माउली’ अशी. समोरच्या माणसात देव बघायचा हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवले नाही.

पंगत

एवढे सांगून थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल.

इरावती कर्वे हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ. आळंदीच्या पालखीबरोबर त्या स्वतः पायी चालल्या आणि त्यावर त्यांनी लेख लिहिला. तो १९६२ साली इंग्रजीतून अमेरिकेतल्या एका नियतकालिकात आला आणि जगभरच्या अभ्यासकांनी वाचला. पंढरीला जाणारी माणसे जिथे राहतात तो महाराष्ट्र, अशी आपल्या मुलखाची ओळख त्यांना या वाटेवर पटली. हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच लेखात त्यांनी दुसरेही लिहिले. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी दिवसभर एकत्र चालत, एकच अभंग म्हणत, आणि जेवायला मात्र वेगळी बसत. स्वयंपाक वेगळा, पंगत वेगळी. हे त्यांना फार लागले. त्या दुसऱ्या गटात जाऊन जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, घरचे सुखदुःख सांगू लागल्या. सोबत चालून जे झाले नव्हते ते एका जेवणाने झाले.

पुढे व्हिक्टर टर्नर नावाच्या अभ्यासकाने जगातल्या तीर्थयात्रांवर लिहिले. यात्रेत माणसाची पायरी, हुद्दा, मान गळून पडतो आणि माणूस माणसाला भेटतो, असे त्याने मांडले. त्यानेही कर्वेबाईंचा लेख आधाराला घेतला आणि मान्य केले, की वाटेवरसुद्धा जात पुरती गळत नाही.

आपल्या संप्रदायाला ही खूण नवी नाही. चोखोबा देवळात जाऊ शकले नाहीत. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर कोसळून ते गेले. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. आपण नामदेव पायरीला डोके टेकतो तेव्हा शेजारी चोखोबा असतात. सहाशे वर्षे आपण त्यांचे अभंग गायलो आणि त्यांच्या लेकरांना दाराबाहेर ठेवले. शेवटी कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी उठले. महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहाव्या दिवशी उपोषण सुटले आणि मंदिर हरिजनांना खुले झाले. देशाच्या स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने उरले होते.

माणसे एकत्र राहतात ती कधी कधी कोणाला तरी बाहेर ठेवून राहतात. तशी एकीही टिकते, शतकानुशतके टिकते. म्हणून नुसती टिकली याचा अभिमान पुरेसा नाही. खारबांधाचा नियम इथेही लागू आहे. एका घरासमोर खांड ठेवली की पाणी सगळ्यांच्या शेतात येते.

शेत गेले, बांध गेला

आता आपल्या डोळ्यांदेखतचा इतिहास. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली गावे उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्यांना मिळाला. पुढे विमानतळ आला. दहा गावे उठली, वडघर-वहाळच्या बाजूला नव्या वसाहती झाल्या, उलव्याची टेकडी कापली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले.

बांध ज्या शेतांसाठी होता ती शेते राहिली नाहीत. सावड ज्या लावणीसाठी होती ती लावणी राहिली नाही. पैसा आला, तो हक्काचाच होता. पण साडेबाराच्या भूखंडावरून किती घरांत भाऊ भावाच्या दारात जात नाही, हे मी सांगायला नको. १८९७ साली द्यूरकेमने आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दाखवले, की अचानक गरिबी आली म्हणजेच माणूस भरकटतो असे नाही, अचानक भरभराट आली तरी भरकटतो, कारण किती हवे याची जुनी मापे मोडतात आणि नवी बसलेली नसतात. हे वाचताना मला त्याचा फ्रान्स आठवला नाही, आपली आळी आठवली.

गाव बांधून ठेवणाऱ्या गोष्टी अशा एकेक करून गेल्या. उरले काय? सप्ताह उरला, दिंडी उरली. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस कोणाच्या तरी गळ्यात असावी लागते. म्हणून पहारे लावतात, रात्री दोन ते चार अमक्याचा, चार ते सहा तमक्याचा. पूर्वी उधाणाच्या रात्री बांधावर जसा पहारा लागायचा तसाच हा विणेचा पहारा. त्या घरातला मुलगा आता कंपनीत जातो, पण पहाऱ्याला येतो. ज्या भावाशी बोलत नाही तोच पुढच्या पहाऱ्याला असतो. वीणा एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालावी लागते आणि पाया पडावे लागते. मी स्वतः असे दोन भाऊ पाहिले आहेत. बोलले नाहीत, पण पाया पडले. पुढच्या वर्षी बोलले.

आणखी एक झाले. लावणी गेल्यामुळे आता आपली माणसे आषाढीला निघू शकतात. आपण दुःखाने म्हणतो, शेती गेली आणि आषाढी मिळाली. आणि खारघर, कामोठे, कळंबोलीच्या इमारतींतून घाटावरची, मराठवाड्याची, विदर्भाची माणसे पोटासाठी येऊन राहिली आहेत. त्यांनाही इथे ना गाव ना भावकी. टाळांचा आवाज ऐकून त्यातला एखादा खाली उतरतो, “मी पण टाळ धरू का?” असे विचारतो. त्याला काय उत्तर मिळते, यावर आपल्या दिंडीची पुढची शंभर वर्षे ठरणार आहेत.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने माझी तीन मागणी आहे, विश्वस्त मंडळींनी रागावू नये. एक, स्वयंपाक एक, पंगत एक, वाढपी कोणत्याही आळीतला. देणगीदारांची वेगळी पंगत असेल तर तीही मोडावी. दोन, विणेचा पहारा नव्या वसाहतीतल्या माणसांना आणि घरच्या लेकीसुनांनाही द्यावा. तीन, माउलींच्या तळावर जशी तक्रार ऐकल्याशिवाय आरती होत नाही, तशी आपल्या मुक्कामावरही रोज होऊ नये. कोणाचा टाळ वाजत राहिला तर आधी त्याच्याकडे जावे.

आपल्या आज्या-पणज्यांनी, आज्या-पणजोबांनी उधाणाच्या रात्री बांध राखला म्हणून आपण पोटभर भात खाल्ला. आता पहाऱ्याची पाळी आपली आहे.

राम कृष्ण हरी.